हातकागदाचें निमंत्रण

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



मराठी माणसाच्या घरीं मंगलकार्य ठरलें कीं पहिली चर्चा मुहूर्ताची होते आणि दुसरी पत्रिकेची. मुहूर्त पंचांग ठरवितें; पत्रिका मात्र आपण ठरवावयाची असते. असें असूनहि छापखान्यांत जाऊन नमुन्यांचें जाडजूड पुस्तक चाळावयाचें, त्यांतल्या एका नमुन्यावर बोट ठेवावयाचें आणि मोकळ्या जागीं आपलीं नांवें घालून द्यावयाचीं, एवढ्यावर ही निवड बहुधा आटोपते. ज्या कागदावर आपल्या मुलीचें नांव प्रथमच दुसऱ्या एका नांवाशेजारीं लिहिलें जाणार, त्या कागदाविषयीं याहून थोडा अधिक विचार करावयास काय हरकत आहे? तो विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. हातानें केलेल्या कागदाची पत्रिका घरच्या घरीं योजावयाची असेल, तर कागद कोणता घ्यावा, त्यावर रचना कशी करावी, आणि मजकूर काय लिहावा, असे तीन प्रश्न येतात. त्यांतला तिसरा सर्वांत लहान दिसतो, पण माझ्या मतें तोच सर्वांत मोठा आहे.

निमंत्रण ही मूळची तोंडची आणि हाताची गोष्ट आहे. छपाई आपल्याकडे आली ती फार अलीकडे; मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें तें १८३१ सालीं. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें लग्नें होतच होतीं आणि लोकहि जमतच होते. कुंकवानें रंगविलेल्या चार अक्षता दारीं नेऊन दिल्या कीं निमंत्रण पोंचलें. खेड्यांत अजूनहि ‘आवतण’ हा शब्द ऐकूं येतो, आणि त्यांतहि ‘चूलबंद आवतण’ आलें, म्हणजे त्या दिवशीं घरांत चूल पेटवावयाची नाहीं, लहानथोर सर्वांनीं जेवावयास यावें, असा त्याचा अर्थ. दोन शब्दांत यजमानानें किती सांगितलें पाहा!

कागदाची पत्रिका आली तेव्हां ह्या जुन्या खुणा तिच्या अंगावर येऊन बसल्या. कोपऱ्यांना हळदकुंकवाचीं बोटें लागलीं, माथ्यावर गणपति आला, पहिली पत्रिका देवापुढें ठेवण्याचा परिपाठ पडला. याच्या उलट, मृत्यूची वार्ता घेऊन जाणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची रीत होती. पोस्टमनच्या हातांत तें कार्ड दिसतांच, एक अक्षर वाचण्याच्या आधीं घरांत रडें सुरू होई. आजच्या विषयाचें सारें मर्म ह्या दोन कोपऱ्यांत आहे, एक कुंकू लावलेला आणि एक फाटका. मजकुराच्या आधीं कागद बोलतो.

आतां पाथर्डीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतों, त्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका. गर्भगिरीच्या डोंगररांगा, पाऊस बेताचा, जमीन पुष्कळशी हलकी. मोहट्याची देवी, मढीचे कानिफनाथ आणि वृद्धेश्वर हीं इथलीं मोठीं देवस्थानें. मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. तिला दूरदूरच्या भटक्या जमातींचे लोक येतात, रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो. आणि ह्या हजारों माणसांना कोणी पत्रिका धाडीत नाहीं. तिथि हेंच त्यांचें निमंत्रण.

घरच्या कार्याचें मात्र तसें नाहीं. ह्या तालुक्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. अशा कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम, आणि कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या. गळिताचा हंगाम संपून माणसें परततात तों चैत्र उजाडतो, म्हणून खेड्यांतील लग्नें चैत्र-वैशाखांत दाटीनें येतात. ज्याच्या घराला पांच महिने कुलूप आहे, त्याला पत्रिका कोठें द्यावयाची? पूर्वीं मुकादमाच्या तोंडीं निरोप जाई. आतां मोबाईलवर चित्र जातें. निरोप पोंचतो यांत शंका नाहीं. पण मान पोंचला कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. परमुलखांत राबणाऱ्या भावाला ‘तुझी पत्रिका वेगळी काढून देवापाशीं ठेवली आहे’ असें कळवितां आलें, आणि तो परत आल्यावर ती त्याच्या हातांत देतां आली, तर त्या एका कागदाचें मोल काय करावयाचें? शहरांतल्या घरांनाहि हाच प्रश्न निराळ्या रूपानें पडतो. तेथें कुलूप नसतें, पण फुरसत नसते. आणि मोबाईलवर दिवसाकाठीं येणाऱ्या शंभर चित्रांत आपल्या मुंजीचें चित्र केव्हांच वाहून जातें.

म्हणून हातकागदाकडे वळूं. हा कागद महाराष्ट्राला नवा नाहीं. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधल्या कागजीपुऱ्याचें नांवच त्या धंद्यावरून पडलें आहे. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी देवगिरीस आणली, तेव्हां तिच्याबरोबर आलेल्या कारागिरांनीं हा उद्योग येथें रुजविला असें परंपरा सांगते. जुन्नरचा कागद मराठी दप्तरांत वापरला जाई, आणि पुण्यांतील कागदीपुरा ही वस्तीहि कागदी लोकांच्या नांवानें ओळखली जाते. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हे कारखाने एकामागून एक बसत गेले. पुढें १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीजींच्या प्रेरणेनें मगनवाडींत हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. ह्या कामांत आयुष्य घातलेले कृ. ब. जोशी यांच्या पुढाकारानें १९४० सालीं पुण्यांत शिवाजीनगर भागांत हातकागदाची संस्था उभी राहिली. आज देशांत ह्या कागदाचें मोठें केंद्र म्हणून जयपूरजवळच्या सांगानेरचें नांव घेतलें जातें.

हा कागद होतो कसा, तें समजून घेतलें म्हणजे त्याचे गुणदोष आपोआप कळतात. सुती चिंध्यांचे बारीक तुकडे करून ते पाण्यांत कुटतात. तंतु सुटे होऊन लगदा होतो. तो पुष्कळ पाण्यांत ढवळून त्यांत चौकटीवर ताणलेली जाळी बुडवितात आणि आडवी वर उचलतात. पाणी गळून जातें, जाळीवर तंतूंचा थर राहतो. हा थर कापडावर उतरवून, दाबून, वाळवून, खळ देऊन घोटला कीं ताव तयार झाला. कापसाचे तंतु लांब असल्यामुळें ते एकमेकांत घट्ट गुंततात. म्हणून हा कागद चिवट असतो आणि नीट जपला तर फार वर्षें टिकतो. दोनशें वर्षांपूर्वींचीं मोडी दप्तरें आज हातांत घेऊन वाचतां येतात तीं याच गुणामुळें. वर्तमानपत्राचा कागद मात्र दहा वर्षांत पिवळा पडून तुटूं लागतो. आणखी एक गोष्ट अशी कीं, चिंध्यांच्या कागदासाठीं झाड तोडावें लागत नाहीं. कपड्याच्या कारखान्यांतलीं कातरणें त्याला पुरतात.

बाजारांतून ताव आणावयाचा असेल तर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली जाडी. पत्रिकेसाठीं चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाचा कागद चांगला. याहून पातळ कागद उभा राहत नाहीं आणि याहून जाड कागदाची घडी फुगते. दुसरी गोष्ट खळ. तावाच्या कोपऱ्यावर शाईची एक रेघ ओढून पाहावी. ती कांठांनीं पसरली तर कागदाला खळ कमी आहे, त्यावर लेखणी चालणार नाहीं. तिसरी गोष्ट माप. हातकागदाचा ताव बहुधा २२ इंच रुंद आणि ३० इंच लांब असतो. मधोमध घडीची, मिटल्यावर ५ इंच बाय ७ इंच होणारी पत्रिका योजली, तर उलगडलेला तुकडा १० इंच बाय ७ इंचांचा होतो आणि एका तावांत असे नऊ तुकडे निघतात. घडी नको असेल तर त्याच तावांत अठरा बसतात. म्हणजे घडीच्या एकावन्न पत्रिकांना सहा ताव पुरतात, आणि चुकण्यासाठीं सातवा जवळ ठेवावा.

तुकडे कात्रीनें कापूं नयेत. हातकागदाचा नैसर्गिक कांठ थोडा विरळ, लाटेसारखा असतो; तीच त्याची ओळख. जेथें तुकडा करावयाचा तेथें घडी घालावी, घडीवर पाण्यांत बुडविलेली कुंचली दोनदां फिरवावी, मिनिटभर थांबावें, आणि पट्टी दाबून धरून हलक्या हातानें फाडावें. तंतु सुटून मूळच्या कांठासारखाच मऊ कांठ तयार होतो. घडी घालतांनाहि आधीं बोथट टोंकानें, स्वेटर विणण्याच्या सुईनें म्हणा, पट्टीच्या कडेनें एक खोल रेघ ओढावी आणि मग कागद दुमडावा. घडी सरळ येते, वरचे तंतु तुटत नाहींत.

कागद घरींच करावयाची हौस असेल तर तेंहि अशक्य नाहीं. मात्र कापड कुटण्याचें काम यंत्राचें आहे, आणि पाथर्डीच्या बांधाबांधांवर दिसणारी घायपात कितीहि चिवट असली तरी तिचा दोर काढून तो क्षारांत शिजविणें हें स्वयंपाकघरांतलें काम नव्हे. घरांत वापरावे ते मुलांच्या जुन्या वह्यांचे कागद. चकचकीत मासिकांचे कागद घेऊं नयेत. त्यांवर मातीचा लेप असतो आणि लगदा कमजोर होतो. हिशेब अगदीं सोपा आहे: ए-फोर मापाच्या एका साध्या पानाचें वजन सुमारें साडेचार ग्रॅम, आणि ५ बाय ७ इंचांच्या एका जाड कार्डालाहि जवळजवळ तेवढाच लगदा लागतो. म्हणजे एका पानाचें एक कार्ड. पानें बोटाएवढीं फाडून रात्रभर भिजत घालावीं, सकाळीं मिक्सरमध्यें भरपूर पाण्याबरोबर फिरवावीं, आणि परातींत किंवा टबांत ओतावीं. तांदळाची पातळ खळ पळीभर घालावी. लांकडी चौकटीला डासांची जाळी ताणून लावली कीं साचा झाला. ती चौकट लगद्यांत बुडवून आडवी उचलावी, पाणी निथळूं द्यावें, सुती कापडावर उलटी पाडावी, वरून स्पंजानें टिपावें. असे दहा-बारा थर कापडांसह एकावर एक रचून पाट ठेवावा आणि त्यावर वरवंटा किंवा पाण्याचा हंडा ठेवावा. तासाभरानें एकेक कापड उचलून सावलींत वाळत घालावें.

झेंडूच्या पाकळ्या लगद्यांत घातल्या तर त्यांचा रंग बराचसा राहतो. गुलाबाच्या मात्र तपकिरी होतात. आणि पाण्याविषयीं एक विनंति. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्याच्या नांवानें बोलतांना ती केलीच पाहिजे. हें पाणी ओतून देऊं नये. गाळून घेतलें कीं दुसऱ्या दिवशींच्या लगद्याला तें चालतें, आणि शेवटीं झाडांना घालतां येतें.

आतां रचना. हातकागद स्वतःच इतका बोलका असतो कीं त्यावर फार बोलूं नये. पहिला नियम असा कीं, पत्रिकेवर नजर जावी अशी एकच गोष्ट असावी: एक ठसा, एक आकृति किंवा एक मोठें अक्षर. गणपति, कलश, तोरण, सनई, मोर, आणि वर सोनेरी वेलबुट्टी अशी सारी वरात एकाच पानावर आली म्हणजे वधूवरांचीं नांवें गर्दींत हरवतात. दुसरा नियम समासाचा. चारी बाजूंना बोटभर तरी जागा कोरी सोडावी. तिसरा नियम अक्षराचा. खडबडीत कागदावर बारीक रेषा तुटते, म्हणून अक्षर ठसठशीत असावें. चष्मा न शोधतां आजोबांना तारीख वाचतां आली पाहिजे, हीच त्याची कसोटी. घरांत कोणाचें अक्षर वळणदार असेल तर बोरूनें लिहावें. तिरपा छाटलेला बोरू देवनागरीच्या जाडबारीक वळणांसाठींच जणुं घडलेला आहे. एकावन्न पत्रिका हातानें लिहिणें जड वाटत असेल तर मजकूर एकदां सुरेख लिहून त्याचा स्क्रीनवर छाप काढून घ्यावा आणि प्रत्येकीवर पाहुण्याचें नांव तेवढें स्वतः लिहावें.

रंगाच्या बाबतींत आपलें स्वयंपाकघर म्हणजे एक शाळाच आहे. हळदीला क्षार लागला कीं ती लाल होते. साबणानें धुतांना हळदीचा डाग तांबडा झालेला कोणी पाहिला नाहीं? चुन्याच्या योगानें हळदीचें कुंकू होतें तें याच न्यायानें. हळदीच्या पाण्यांत बुडविलेला कांठ आणि त्यावर चुन्याच्या निवळीची एक रेघ, एवढ्यावर पिवळ्यांतून तांबडा रंग कागदावरच उमलतो. मात्र हळदीचा रंग उन्हानें उडतो, म्हणून अशी पत्रिका पाकिटांत ठेवावी. हिरड्याच्या काढ्यांत लोखंडाचा अंश मिळाला कीं काळी शाई होते. आणि हे हिरडे जुन्नर-भीमाशंकराच्या रानांतून येतात, म्हणजे ज्या मुलखानें आपल्याला कागद दिला त्याच मुलखानें शाईहि दिली.

प्रसंगागणिक योजना निराळी करावी. बारशाच्या पत्रिकेचें उदाहरण घ्या. बारसें होईपर्यंत बाळाला नांवच नसतें. तेव्हां पत्रिकेच्या मधोमध पाळण्याखालीं एक जागा मुद्दाम कोरी सोडावी, आणि पाहुण्यांनीं घरीं गेल्यावर ऐकलेलें नांव आपल्या हातानें तेथें लिहावें. ती पत्रिका मग कोणी टाकून देईल काय? डोहाळजेवणाला हिरवा रंग ठरलेलाच आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळा कागद आणि त्यावर तिळाएवढे पांढरे ठिपके शोभतात. एरवीं शुभकार्याला वर्ज्य असलेला काळा रंग ह्या एका सणाला आपण आवडीनें नेसतों. सहस्रचंद्रदर्शनाला आंकड्यांचीच गंमत करतां येते. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस; त्या हिशेबानें हजार चंद्र व्हावयास ऐंशी वर्षें आणि सुमारें दहा महिने लागतात. अशा पत्रिकेवर रंग नसावाच. एखादें जुनें नाणें किंवा गोल झांकण ओल्या कागदावर दाबून उठविलेलें एक वर्तुळ पुरे. तिरप्या उजेडांत धरलें कीं चंद्र दिसतो. वास्तुशांतीला घराचा दरवाजाच घडी म्हणून योजावा: दोन्ही पाखें उघडलीं कीं आंत पत्ता.

पत्त्यावरून मजकुराकडे येतों. कार्य कोणतें, तिथि आणि तारीख, वेळ, स्थळ आणि तेथें पोंचण्याची वाट, एवढें आधीं स्पष्ट असावें. टपालानें पाठवावयाची असेल तर पिनकोड विसरूं नये. ही सहा आंकड्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली आणि ती आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्यापैकींच एक, संस्कृतचे कवि. आपल्या जिल्ह्याच्या पुष्कळशा पत्त्यांचे पहिले तीन आंकडे ४१४ आहेत. जाड हातकागदाचें वजन साध्या पत्रापेक्षां अधिक भरतें, म्हणून पाकिटासह एक नमुना टपालकचेरींत तोलून घ्यावा आणि मगच तिकिटें आणावीं.

यानंतर येतात नांवें, आणि येथेंच पत्रिकेची खरी परीक्षा होते. प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त आप्तमंडळी, आणि तळाशीं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारीं डझनभर मुलें. पुष्कळ पत्रिकांत ज्यांचें लग्न त्यांच्यापेक्षां या यादीलाच जागा अधिक लागते. एक नांव राहिलें म्हणून भाऊबंदकी होते हें मला ठाऊक आहे. पण यादी इतकी लांब असूनहि जें नांव कित्येकदां त्यांत नसतें, त्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

तें नांव विधवा आईचें. नवऱ्याच्या मागें जिनें शेतीं राबून किंवा शिवणयंत्रावर पाठ मोडून लेकरें वाढविलीं, तिच्या मुलाची पत्रिका काकांच्या नांवानें निघते. कुंकवाचें पहिलें बोट दुसरी कोणी लावते. अक्षत घेऊन घरोघर जाणाऱ्या बायकांत ती नसते. ती आंतल्या खोलींत पाकिटें चिकटवीत असते. अशी आई आपण सर्वांनीं पाहिली आहे, आणि पाहून गप्प बसलों आहों. हातानें पत्रिका करावयाची ठरली, तर हात कोणाचा, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. ज्या हातानें मूल वाढविलें तो हात पत्रिकेला लागल्यानें अशुभ होतें काय? कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनींहि तो कित्ता गिरवावा असें सुचविलें. ठराव ग्रामसभेचा असतो. त्याची अंमलबजावणी माजघरांत व्हावी लागते. पत्रिकेच्या माथ्यावर आईचें नांव प्रथम घाला. पहिलें कुंकू तिच्या बोटानें लागूं द्या. हळदीकुंकवाची पत्रिका करीत असाल तर त्यांत ‘सुवासिनींनीं’ या शब्दाऐवजीं ‘सर्व भगिनींनीं’ असे शब्द लिहा, आणि शेजारच्या घरीं ती स्वतः नेऊन द्या. कागद हातचा असला आणि मन छापील असलें, तर एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

आईच्या नांवाला आतां सरकारी कागदांतहि जागा मिळाली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव असा क्रम राज्य शासनानें ठरविला आहे. दाखल्यावर जें चालतें तें पत्रिकेवर चालावयास अडचण कसली?

दुसरी गोष्ट वयाची. आईबाप तोडणीला जाणार, वयांत आलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ह्या काळजीपोटीं तिचें लग्न घाईनें उरकण्याचे प्रकार ऊसतोडणीच्या तालुक्यांत होतात. त्या काळजीची मी थट्टा करीत नाहीं. ती खरी आहे. पण २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणें मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षें पूर्ण झालेलीं असलींच पाहिजेत. शहरांत शिकलेल्या ज्या भावाला किंवा बहिणीला गांवाकडून ‘पत्रिका तुझ्या अक्षरांत लिहून दे’ असा निरोप येतो, त्यानें लेखणी उचलण्याच्या आधीं जन्मतारीख विचारावी. सुंदर अक्षराचा मान मिळालेल्या माणसाला एवढा अधिकार खचित आहे. आणि उत्तर बरोबर आलें नाहीं तर लेखणी खालीं ठेवावी, व मुलीला कोणत्या वसतिगृहांत ठेवतां येईल याची चौकशी करावी.

आतां व्यवहाराची बाजू. पांचशें माणसांना बोलवावयाचें असेल तर पांचशें पत्रिका हातानें करा असें मी म्हणणार नाहीं. मोबाईलचा तिटकारा करण्याचेंहि कारण नाहीं. कोपींत बसलेल्या माणसाला त्याच रात्रीं आनंदाची बातमी कळते ती त्याच्याच कृपेनें. सर्वांना वार्ता त्या मार्गानें द्यावी, आणि एकावन्न घरें निवडून तेथें हातकागदाची पत्रिका न्यावी. घरें निवडतांना मोठेपणाकडे पाहूं नये. तालेवारांना पत्रिका पुष्कळ येतात. जिनें मुलीला लहानपणीं सांभाळलें ती म्हातारी, जे शिक्षक आतां निवृत्त होऊन एकटे राहतात ते, हंगामावरून परतलेला चुलतभाऊ, ह्यांच्या घरीं ती आधीं जावी. भिंतीच्या कोनाड्यांत, देव्हाऱ्यामागें, ती वर्षानुवर्षें राहील.

हें काम घरानें मिळून करावें. चार संध्याकाळी पुरतात: एका संध्याकाळीं ताव फाडणें आणि घड्या, दुसऱ्या संध्याकाळीं ठसे, तिसऱ्या दिवशीं लेखन, चौथ्या दिवशीं पाकिटें आणि नांवें. लहान मुलांना ठसे द्यावे; बटाट्याचा अर्धा भाग कोरून केलेला ठसा त्यांच्या हातीं छान चालतो. तो एखादा वांकडा उमटला तर ती पत्रिका बाद करूं नये, मुलाच्या आजोळीं पाठवावी. लग्नघरांत शेवटचे पंधरा दिवस धांवपळीचे आणि रुसव्याफुगव्याचे असतात. त्यांपूर्वींच्या ह्या चार संध्याकाळीं सारें घर एका सतरंजीवर बसतें, जुन्या लग्नांच्या आठवणी निघतात, आणि कोणाला बोलवावयाचें राहिलें तें आजीला आठवतें.

शेवटीं एक सूचना. एकदम लग्नापासून आरंभ करूं नका. घरांत लवकरच कोणाचा वाढदिवस असेल, सत्यनारायण असेल, निदान चार मैत्रिणींना भेळ खावयास बोलवावयाचें असेल. त्या निमित्तानें एका जुन्या वहीचीं पांच पानें भिजत घाला आणि पांच कार्डें करून पाहा. पहिलें कार्ड जाड होईल, दुसरें फाटेल, तिसरें बरें जमेल. तें तिसरें, ज्यांच्याकडे पुष्कळ दिवसांत जाणें झालें नाहीं त्यांच्या घरीं नेऊन द्या.